परदेशातल्या मिलिटरी बेसवर शो आणि भटकंती : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा. बोलका बाहुला, थोडी जादू आणि मधे मधे घुमट (मडक्याच्या तोंडाला कातडं ताणून केलेलं आमचं वाद्य) असा माझा शो. जपानमधल्या अमेरिकन बेसवर फॅमिली शो करून आल्यापासून व्हॉट्सॲपवर, जत्रेत, तिस्काच्या नाक्यावर चहा पिताना, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो. पुढच्याला लिंक पाठवली की सुटलो.

म्हणजे तुम्ही अमेरिकन आर्मीत लागलात का?

नाही हो. माझ्या मावशीने हे अर्ध्या गावाला सांगून ठेवलंय, ते निस्तरता निस्तरता दमलो. मी कलाकार म्हणून जातो, शो करतो, परत येतो. युनिफॉर्म नाही, बंदूक नाही, पेन्शन तर नाहीच नाही.

गोव्यातला माणूस तिथे पोचतो कसा?

बेस म्हणजे नुसती विमानं आणि बराकी नसतात. आत शाळा, दवाखाना, बोलिंग, थिएटर, सुपरमार्केट असं आख्खं गाव असतं, आणि सैनिकांची बायकामुलं तिथे किंवा गेटबाहेरच्या भाड्याच्या घरांत राहतात. त्यांच्या करमणुकीसाठी वेगळं खातंच असतं, आर्मी-नेव्हीत त्याला एमडब्ल्यूआर म्हणतात, मरीनमध्ये एमसीसीएस. शिवाय यूएसओ ही संस्था आहे, १९४१पासून हेच काम करते, तिच्या नावावर मोठमोठे स्टार येऊन जातात. आमच्यासारखे छोटे लोक मात्र बहुतेक करून प्रोड्युसरच्या मंडळीतून जातात. आमच्या मंडळीत एक फिलिपिनो गायिका, एक जपानी जगलर आणि मी. प्रोड्युसर टोकियोचा, त्याने माझा व्हिडिओ बघितला होता आणि तो व्हिडिओ होता वास्कोला आपल्याच नेव्हीच्या फॅमिलींसाठी केलेल्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा. म्हणून पोरांना सांगतो, आयएनएस हंसा ह्या आपल्या नेव्हीच्या तळावर, बांबोळीच्या कँपात वगैरे बोलावलं तर मानधन कमी म्हणून नाक मुरडू नका, असे शो केलेत हे दाखवता आलं की बाहेरच्या माणसाला तुमच्याबद्दल अर्धी खात्री तिथेच पटते.

व्हिसा टुरिस्ट चालतो का?

नाही. पैसे घेऊन शो करायचा तर जपानचा एंटरटेनर व्हिसा लागतो आणि त्यासाठी तिथल्या बोलावणाऱ्याने आधी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेचा दाखला, काढायचं असतं, ते हातात आल्यावर तुम्ही इथून अर्ज करायचा. वेळ लागतो, धीर धरा. पोर्तुगीज पासपोर्टवाले मित्र म्हणतात आम्हाला व्हिसाच लागत नाही, ते फिरायला ठीक, शोचं मानधन घ्यायचं तर त्यांनाही हाच रस्ता.

आणि बेसचा क्लिअरन्स करून देतो म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल तर तिथूनच उठून या. आत घेण्याचं काम बोलावणारा बेसवाला करतो, तुमची पासपोर्टची माहिती आधीच मागवून घेतात, बस.

गेटवर काय काय होतं?

पास ऑफिसात पासपोर्ट, फोटो, कागद. मग आतला एक माणूस एस्कॉर्ट म्हणून चिकटतो, तो शेवटपर्यंत सोबत, एकट्याने भटकायचं नाही. गेटचे, रनवेचे, पहारेकऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. आपल्याला ह्याची सवय पाहिजे खरं तर, दाबोळी विमानतळ नेव्हीच्याच जागेत आहे की, पण तिथेही लोक सेल्फी काढायचे ते काढतातच.

माझी गंमत वेगळीच. बाहुल्याचं नाव बाबलो, प्रवासात त्याचं डोकं वेगळं काढून पंचात गुंडाळून ठेवतो, कारण जबड्याची दोरी नाजूक असते. गेटवरच्या जपानी गार्डने पेटी उघडली, पंचा सोडला, डोळे उघडे असलेलं डोकं वर आलं. तो काही बोलला नाही, अगदी हळू परत पंचा गुंडाळला, जसा होता तसा, कोपरासुद्धा नीट दुमडला, आणि यादीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं धाडस कोणालाच झालं नाही.

सामानात काय नेऊ, काय नको?

जादूवाल्यांनो, फ्लॅश पेपर विमानात अजिबात नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये, तो पेट घेणारा माल आहे. वायरलेस माइकच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेत. महागाच्या वस्तूंची यादी निघतानाच आपल्या कस्टम्सला दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना आपलाच माल आपण विकत आणला असं धरून ड्युटी मागतील. घरचा अँप नेऊ नका, जपानात वीज १०० व्होल्टची, आपला २३०चा डबा तिथे नुसता ओझं.

घुमटाचं मात्र नीट ऐका. घोरपडीच्या कातड्याचं जुनं घुमट घरात असेल तर ते देवघराजवळच राहू दे. वन्यजीव कायदा १९७२चा आहे, घोरपड संरक्षित आहे, आणि विमानतळावर "आजोबांचं आहे" हे कोणी ऐकून घेत नाही. बकरीच्या कातड्याचं न्या, आता सगळीकडे तेच वाजवतात, गोवा सरकारने २०१९ला घुमटाला हेरिटेज वाद्याचा दर्जा दिला तोही त्यानंतरच. आवाज थोडा वेगळा लागतो हे खरं, जुनी माणसं कुरकुरतात, पण अमेरिकन पोरांना काय कळणार. तिकडून येतानाही हीच भानगड: जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरचं सान्शिन म्हणून तीन तारांचं वाद्य आहे, त्यावर अजगराचं कातडं असतं, ते देशाबाहेर काढायला परवानगीचा कागद लागतो. नकली कातड्याचं मिळतं, ते घ्या, आवाज छान असतो. मी तेच आणलं.

सर्दीच्या गोळ्या नेताना पण बघून. स्युडोएफेड्रिन जास्त असलेल्या गोळ्या जपानात चालत नाहीत.

प्रेक्षक कसे असतात? फौजी म्हणजे कडक असतील ना?

प्रेक्षक फौजी नसतातच हो बहुतेक, पोरं आणि त्यांच्या आया असतात, काही बाबा, एखादी आई युनिफॉर्ममध्ये आणि बाबा कडेवर पोर घेऊन. साधारण तीन वर्षांची पोस्टिंग असते, मग सामान बांधून पुढे. त्यात आई किंवा बाप मधेच काही महिने जहाजावर नाहीतर सरावाला गेलेला. म्हणजे हॉलमध्ये जी दोनशे डोकी दिसतात त्यातल्या बऱ्याच घरांत आत्ता एकजण कमी आहे हे डोक्यात ठेवायचं आणि तोंडावर आणायचं नाही. मला ह्या सगळ्यातून एकच कळलं असेल तर हे की त्या लोकांना शोमधून देशप्रेम, शौर्य, सलाम वगैरे काही नको असतं, ते त्यांना रोज सकाळसंध्याकाळ मिळतं, त्यांना एक साधी संध्याकाळ पाहिजे असते ज्यात कोणी त्यांना "तुमचा त्याग" म्हणणार नाही. आपल्याकडे जत्रेत नाटकाला लोक बसतात ना, पोरं पुढे, म्हातारी चटईवर, कोणी उठतंय, कोणी बसतंय, तसं बसू द्यायचं.

पोरं धीट असतात फार. स्टेजवर कोण येतंय विचारलं की सगळे हात वर, कारण नवीन शाळेत, नवीन वर्गात स्वतःची ओळख करून देण्याची त्यांना सवयच झालेली असते. आणि शिस्त इतकी की बाहुल्याला पण "यस सर" म्हणतात.

एक मुलगी आली स्टेजवर, आठेक वर्षांची. बाबलो तिला सांगत होता की मी फोंड्याचा, फोंड्यातच जन्मलो, फोंड्यातच मोठा झालो. तिने बोटांवर मोजून आपली गावं सांगितली: टेक्सस, मग जर्मनी, मग नॉर्थ कॅरोलिना, मग इथे. मग तिने त्याच्याकडे जरा दयेनेच बघितलं आणि विचारलं, तुझी पुढची बदली कुठे? बाबलो म्हणाला, पेटीत. मोठी माणसं खुर्चीतून पडायची बाकी होती, ती मुलगी मात्र हसली नाही, तिने गंभीरपणे विचारलं, किती महिने?

तेव्हापासून हा तुकडा शोमध्ये कायमचा घातलाय, पण तिच्यासारखं टायमिंग मला अजून जमत नाही.

स्टेजवर काय टाळायचं?

"तुझे बाबा कुठे आहेत?" हे नाही. "तू मूळची कुठली?" हेही नाही, त्याला त्या पोरांकडे सरळ उत्तर नसतं, त्याऐवजी "ह्याआधी कुठे होतीस" विचारा, मग बघा कशी बोलतात. फुगे फोडणं, फटाक्यासारखा आवाज करणारी कागदाची फवारणी, अचानक काळोख करून धाडकन म्युझिक, हे सगळं बंद, हॉलमध्ये कोणीतरी लढाईवरून आलेलं असू शकतं. राजकारण नाही. कुठल्या प्रेसिडेंटची नक्कल नाही, कितीही छान जमत असली तरी.

एखादी आई फोन उंच धरून व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला शो दाखवत असते. तिने खूण केली तर बाहुल्याला फोनकडे वळवून दोन वाक्यं बोला, नाही केली तर दिसलंच नाही असं दाखवा.

राष्ट्रगीताला उभं राहावं लागतं का?

हो, आणि दोन्ही. संध्याकाळी झेंडा उतरवताना लाउडस्पीकरवर अमेरिकेचं आणि जपानचं राष्ट्रगीत लागतं, रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात, चालणारी माणसं जागच्या जागी उभी. आतल्या थिएटरात सिनेमाच्या आधीही उभं राहायचं. आपण परके असलो तरी मानाने उभं राहायचं, त्यात काही जात नाही. शोची वेळ त्याच्याशी आदळणार नाही ना एवढं आधी विचारून घ्या.

मराठी-कोकणीत काही चालतं का?

सगळं चालतं जर तोंड आणि हात बोलत असतील तर. शो इंग्रजीत, पण बाबलो चिडला की कोकणीत चिडतो, आणि हशा तिथेच येतो. इवाकुनीच्या मरीन बेसवर बहुतेक मेच्या सुरुवातीला फ्रेंडशिप डे म्हणून गेट सगळ्यांसाठी उघडतात, तेव्हा बघणारे बहुतेक जपानी, इंग्रजीही अर्ध्यांना नको, मग बोलणं कमी आणि घुमट जास्त. आरतीचा ठेका धरला की टाळ्या आपोआप बसतात.

कुठला महिना चांगला?

एप्रिल. अमेरिकन फौजेत १९८६पासून एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना, जांभळे कपडे घालतात, शाळांतून कार्यक्रम, कलाकारांना मागणी. शिवाय हवा छान.

फिरायला वेळ मिळतो का? ओकिनावात काय बघू?

मिळतो, कारण शो बहुतेक संध्याकाळी आणि वीकेंडला. ओकिनावा म्हणजे जपानच्या जमिनीचा एक टक्कासुद्धा नाही, पण जपानमध्ये फक्त अमेरिकन फौजेच्या ताब्यात असलेल्या जागेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास जागा ह्या एका बेटसमूहावर आहे. कुठेही जा, डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला तारेचं कुंपण.

नाहा ह्या तिथल्या मुख्य शहरात कोकुसाई-दोरी हा बाजाररस्ता, दीडेक किलोमीटर, संध्याकाळी चालत जा आणि मधेच माकिशी मार्केटच्या गल्लीत शिरा, मासळी बघून गोंयकाराचं मन भरतं, निळा मासा आहे तिथे, खरोखर निळा. शुरी किल्ला ३१ ऑक्टोबर २०१९ला जळला, मी गेलो तेव्हा मुख्य इमारत परत उभी करत होते, आणि छान म्हणजे काम लोकांना बघू देत होते, सुतार लाकूड कसं बसवतात ते मी तासभर बघत उभा होतो. मोतोबूचं चुराउमी मत्स्यालय नाहाहून दोन तासांवर, काचेपलीकडे व्हेल शार्क फिरत असतात, पोरं असतील तर दिवस तिथेच जाईल. छपरांवर आणि फाटकांवर सिंहासारखे शिसा बसवलेले दिसतात, नजर लागू नये म्हणून, आपल्या जुन्या घरांच्या फाटकांवरचे सिंह आठवले आणि मी सगळ्यांचे फोटो काढत सुटलो.

आणि एक मजेशीर गोष्ट, ओकिनावात अमेरिकन राजवटीत गाड्या उजवीकडून चालायच्या, १९७२ला बेट जपानला परत मिळालं आणि ३० जुलै १९७८ला एका रात्रीत सगळं डावीकडे आणलं. आपल्याकडे उलट, पोर्तुगालने १९२८ला बाजू बदलली तरी गोवा डावीकडेच राहिला. टॅक्सीवाल्याला सांगितलं तर तो इतका खूश झाला की पुढचा अर्धा तास त्या रात्रीच्याच गोष्टी.

इतोमानला माबुनीच्या कड्यावर पीस मेमोरियल पार्क आहे, तिथे मात्र वेळ काढून जा. १९४५च्या एप्रिल ते जूनच्या लढाईत मेलेल्यांची नावं काळ्या दगडांवर कोरलीत, दोन लाख चाळीस हजारांवर, जपानी, अमेरिकन, कोरियन, सैनिक आणि साधी माणसं सगळी एकत्र, १९९५पासून. आम्हाला बेसवरच्याच एका कुटुंबाने गाडीतून नेलं होतं. त्यांचा मुलगा अमेरिकन नावांच्या रांगेत स्वतःचं आडनाव शोधत होता, आई त्याला म्हणाली दुसरीकडचीही वाच. त्याला जपानी वाचता येत नव्हतं, तरी तो त्या रांगेवरून बोट फिरवत पार टोकापर्यंत गेला.

तिथल्या लोकांना बेस नको आहेत म्हणतात, मग आपण जाणं बरोबर का?

नको आहेत हे बऱ्याच लोकांच्या बाबतीत खरं आहे. फुतेन्माचा विमानतळ भर वस्तीत आहे, तो परत द्यायचं १९९६लाच ठरलं, पण त्याच्या बदल्यात हेनोकोला समुद्रात भराव घालायचा, आणि त्या भरावावर २०१९ला लोकांचं मत घेतलं तेव्हा ७२ टक्क्यांनी नको म्हटलं. काम तरी चालू आहे. गेटबाहेर फलक घेऊन बसलेली म्हातारी माणसं दिसतात, ऊन असो पाऊस असो. गोव्यात राहणाऱ्याला जमीन आणि समुद्र ह्यावरचं भांडण कोणी शिकवायला नको. माझं मत विचाराल तर ती म्हातारी माणसं बरोबर आहेत, आणि आतल्या आठ वर्षांच्या मुलीने तिथे बदली मागून घेतलेली नाही, म्हणून मी शो करतो. तुम्हाला पटत नसेल तर जाऊ नका, मी वाद घालणार नाही.

ओकिनावा सोडून कुठे?

इवाकुनीला किंताईक्यो पूल, पाच कमानी, लाकडाचा, मूळ १६७३चा, १९५०च्या वादळात वाहून गेला आणि १९५३ला परत बांधला. तिथून हिरोशिमा ट्रेनने तासाच्या आत आणि वाटेत मियाजिमाची फेरी. टोकियोजवळच्या योकोसुकाला मिकासा ही अॅडमिरल तोगोची युद्धनौका म्युझियम करून ठेवलीय, १९०५च्या त्सुशिमाच्या लढाईतली, आणि कामाकुराचा कांस्याचा बुद्ध जवळच. योकोसुकाची नेव्ही करी खा, सोबत सॅलड आणि दुधाचा ग्लास द्यायचा असा तिथला नियमच आहे. भात-करीबरोबर दूध! मी प्यायलो, बरं वाटलं, घरी सांगू नका.

खाण्याचे हाल होतात का?

मासे खाणाऱ्याचे नाही. शाकाहारी लोकांचे थोडे, कारण वरून साधी दिसणारी आमटीसुद्धा सुक्या माशाच्या पाण्याची असते. ओकिनावात गोया म्हणजे कारलं, टोफू-अंड्याबरोबर परततात, बहुतेक डुक्कर किंवा डब्यातलं स्पॅम असतं त्यात, आधी विचारा. टाको राइस १९८४ला किन गावात कँप हॅन्सनच्या गेटबाहेर निघाला, मेक्सिकन सारण भातावर, शोनंतर रात्री तेच बरं पडतं. काळा गूळ मिळतो, पिशवीभर आणा. आवामोरी तांदळाची दारू, थायलंडच्या तांदळाची, फेणीवाल्यांनी बेताने.

शो कॅन्सल झाला तर?

वादळात होतो. बेसवर टीसीसीओआर म्हणून वादळाची पातळी जाहीर करतात, आकडा उतरत एकपर्यंत आला की सगळे घरात. म्हणून करारात वादळाने शो पडला तर अर्धं मानधन असं लिहून घ्या, तोंडी नको. जून ते नोव्हेंबर जायचं असेल तर हे वाक्य पहिल्या पानावर पाहिजे.

पैसे किती मिळतात?

सांगणार नाही. पण सिनेमावाल्यांसारखे नाहीत, आणि उशिरा येतात. एका मंडळीकडून मला इतक्या उशिरा आले की तोवर चतुर्थी होऊन गेली होती. आता निम्मे आधी घेतो. बेसवर डॉलर चालतात, गेटबाहेर येन, दोन्ही खिशात ठेवा. आणि आतल्या स्वस्त दुकानातून खरेदी करायला मिळेल असं समजू नका, आयडी कार्ड नसलं की काउंटरवरून परत पाठवतात.

बायकोला नेता येतं का?

जपानला येऊ द्या की, टुरिस्ट व्हिसावर. बेसच्या आत प्रत्येक नाव आधी पाठवावं लागतं, ऐनवेळी "ही माझी मिसेस" चालत नाही.

भेट म्हणून काय न्यावं?

आंबे नाही, फळं कस्टम्सला अडकतात. चोरीस, म्हणजे आमचं डुकराचं सॉसेज, तर मुळीच नाही, जपान मांसाचा कुठलाही पदार्थ आत घेत नाही, पाकीटबंद असला तरी. मी खाजें नेतो, जत्रेतलं, बेसन, गूळ, आलं, तीळ. टिकतं, चुरा झाला तरी खाता येतं. फक्त स्टेजवरून पोरांना वाटू नका, तिकडे ॲलर्जीचं प्रकरण फार असतं, आईबापाच्या हातात पाकीट द्या आणि त्यात काय काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा. आणि दोन पाकिटं जास्त ठेवा, एक एस्कॉर्टला लागतंच.